क्लेमेंटीच्या भिंतीवरचं राजघराणं

गडहिंग्लजहून लोक सिंगापूरला जातात ते फिरायला. मी गेलो ते स्थळ बघायला.

मुलीकडच्या माणसांनी मुलाचं घर बघून यायचं, ही आपली जुनी रीत. चार वडीलधारे जातात, पोहे खातात, चहा पितात आणि गप्पांच्या ओघात विहिरीला पाणी किती, भाऊ किती, कोर्टात दावे किती हे सगळं काढून घेतात. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, या कामावर मला एकट्याला धाडलं. कारण मुलगा आयर्लंडचा, राहायला सिंगापुरात, आणि चौघांना विमानात घालून नेणं काही जमणारं नव्हतं.

मुलगी म्हणजे रेवती, अक्काची एकुलती एक लेक. सिंगापुरातच तांजोंग पगार भागात एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचे वडील लवकर गेले, आणि आम्हा नवरा-बायकोला मूलबाळ नाही, त्यामुळे ती आमच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिने आईला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मामाला बघून जाऊ दे. तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरंही करणार नाही." अक्का घाबरली. पोरगी बापावर गेली आहे, बोलते ते करते, हे तिला ठाऊक होतं.

मी महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. उभा जन्म वारस नोंदी आणि भाऊबंदकीच्या तक्रारी निस्तरण्यात गेला. माणसाचं घराणं आपण पाच मिनिटांत ओळखतो, असा माझा समज होता. सिंगापुरात तो कसा उतरला, त्याची ही हकीकत.

क्लेमेंटी

रेवतीचा फ्लॅट क्लेमेंटीला दहाव्या मजल्यावर. खिडकीतून बघावं तर समोर तसल्याच उंच इमारती, आणि प्रत्येक खिडकीतून आडवे बांबू बाहेर काढून त्यावर कपडे वाळत घातलेले. एवढं श्रीमंत शहर, पण लेंगा-चड्डी सगळ्या जगाला दाखवत वाळते, हे बघून मला फार बरं वाटलं. हवा आपल्या कोकणासारखी. आंघोळ करून बाहेर पडावं आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा आंघोळ व्हावी.

पहिल्याच सकाळी रेवती मला खालच्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेली. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली चाळीस-पन्नास खाण्याच्या टपऱ्या आणि मध्ये टेबलं. मोकळ्या टेबलांवर कागदी रुमालांची छोटी पाकिटं पडलेली. विसरलं असेल कुणी, म्हणून मी एक उचलून बाजूला ठेवलं आणि बसलो. लगेच एक आजीबाई नूडल्सचा वाडगा घेऊन आल्या आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या, की मी उठून उभा राहिलो. रेवती हसून म्हणाली, "मामा, ते टेबल त्यांचं आहे. पाकीट ठेवलं की जागा रिझर्व्ह." म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची आपलीच विद्या! फरक एवढाच, की इथे रुमालावरून मारामारी होत नाही.

तिथेच कॉनर आला. उंच, किडकिडीत, उन्हाने कान लाल झालेले, केस वाळल्या गवताच्या रंगाचे. त्याने "नमस्कार, मामा" म्हणत वाकून नमस्कार केला आणि उठताना त्याच्या खांद्याचा धक्का लागून माझी कॉफी शर्टावर सांडली. तो इतका ओशाळला की मीच त्याची समजूत घातली. मग त्याने काया टोस्ट मागवला. नारळ आणि अंड्याचा हिरवट गोड जॅम लावलेला पाव, सोबत वाटीत थोडा जॅम वेगळा. चव थेट आपल्या नारळाच्या वडीच्या पाकाची. मी वाटी पुसून स्वच्छ केली. कॉनरने मात्र तळाशी चमचाभर जॅम शिल्लक ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आमच्याकडे पानात टाकणाऱ्याला चांगल्या वळणाचा म्हणत नाहीत. एवढी एक गोष्ट मी मनात त्याच्या विरुद्ध टिपून ठेवली.

बाकी मुलगा चांगला होता. विद्यापीठात संशोधन करायचा आणि पलीकडच्याच इमारतीत मिसेस लिम नावाच्या विधवा चिनी बाईंकडे एक खोली घेऊन राहायचा. रेवती ऑफिसला गेली की मी मोकळाच. एका दुपारी, आधी न कळवता, मी त्याची खोली बघायला गेलो. न कळवता जाणं हा चौकशीतला पहिला नियम आहे.

दार मिसेस लिमनी उघडलं. त्यांनी मला बार्लीचं गार पाणी दिलं आणि मी न विचारताच प्रमाणपत्रही दिलं. "अंकल, कॉनर गुड बॉय लाह. नो नॉइज, नो पार्टी. माय बल्ब ऑल्सो ही चेंज." लाह म्हणजे इथलं 'बरं का'.

कॉनर घरीच होता. त्याच्या खोलीत एक खाट, एक टेबल, पुस्तकांच्या चळती. आणि अख्खी एक भिंत भरून वंशावळ! वरपासून खालपर्यंत शेकडो नावं, लाल आणि निळ्या दोऱ्यांनी एकमेकांना जोडलेली. मी बघतच राहिलो.

आता माझी बाजू सांगतो. आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या मराठा घरात जा, सोप्यातल्या भिंतीवर वंशावळ असली तर ती त्या घराचीच असते. दुसऱ्याची वंशावळ आपल्या भिंतीला कोण लावेल? शिवाय आमच्याकडे हेळवी येतात. पोथ्यांची बोचकी घेऊन घरोघर फिरणारी माणसं, तुमच्या खापरपणज्यापासूनची नावं वाचून दाखवतात आणि पसाभर धान्य घेऊन जातात. त्यांच्याकडेही आमची नावं पाच-सात पिढ्यांच्या वर जात नाहीत. इथे तर भिंत संपत नव्हती.

मी बोट दाखवून विचारलं, "युवर फॅमिली?"

कॉनर हसला. "आता तसंच म्हणायला हवं," तो म्हणाला. "कॉलेजपासून यांच्यातच राहतोय. यांची भांडणं तीच माझी भांडणं."

"हे कोण?" मी सगळ्यात वरच्या नावावर बोट ठेवलं.

"राजा," तो म्हणाला. "हा पण राजा. हे सगळेच राजे. जुन्या आयर्लंडचे गेलिक राजे, हजार वर्षांपूर्वीचे."

फॅमिली, राजे आणि भांडणं, एवढं माझ्या इंग्रजीला पुरेसं होतं. त्यातही भांडणं ऐकून तर माझी खात्रीच पटली. भांडण नसलेलं खानदानी घर मी नोकरीत एकही पाहिलेलं नाही.

खाली येऊन पहिला फोन अक्काला लावला.

"अक्का, राजघराणं हाय."

"काय सांगतोस!"

"भिंतभर वंशावळ. हजार वर्षांची."

"आगं बाई! आणि पोरगं भाड्याच्या खोलीत राहतंय?"

"संस्थानं खालसा झाल्यावर आपल्याकडचे न्हाईत काय राहिले?" मी म्हणालो. हे उत्तर मला सुचलं याचा मला अभिमानही वाटला.

दुसऱ्या सकाळपर्यंत ही बातमी गडहिंग्लजच्या बाजारपेठेतून फिरून परत माझ्याच फोनवर आली. एका मेहुण्याने विचारलं, वरात घोड्यावरून का हत्तीवरून? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवऱ्याला पत्ताच नव्हता, बाशिंग आम्हीच बांधून बसलो होतो.

तांबडा रस्सा

त्या संध्याकाळी मी रेवतीच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. माझी बायको सुमन गुडघ्यांमुळे आली नव्हती, पण तिने संकेश्वरी मिरचीच्या कांदा-लसूण चटणीच्या दोन बरण्या माझ्या बॅगेत घातल्या होत्या. क्लेमेंटीच्या बाजारातून मटण आणलं आणि तांबडा रस्सा केला. कॉनरचे डोळे, नाक आणि कान सगळंच वाहायला लागलं, पण गडी थांबला नाही. तिसरी वाटी मागितली. मी खुशीत आलो आणि खुशीतच विचारलं, "त्या भिंतीवर तुझ्या वडिलांचं नाव कुठल्या शाखेत येतं? दाखव की उद्या."

रेवतीने चमचा खाली ठेवला. "मामा, ते त्याचं घराणं नाहीये. तो त्याचा रिसर्च आहे."

"पण तोच म्हणाला, फॅमिली."

"जोक केला त्याने!"

कॉनरला हळूहळू उमगलं. त्याचा चेहरा रश्श्याने लाल झाला होता, तो उतरला. "माझ्या वडिलांचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही," तो म्हणाला. "ते कोण होते, मला माहीत नाही. आई होती, तिला मला सांभाळणं झेपलं नाही. मी सात वर्षांचा असताना सरकारने मला नोराकडे ठेवलं. नोरा म्हणजे मला वाढवणारी बाई. तिच्याकडेच मोठा झालो."

मी रेवतीकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग आधी सांगायचं नाही?"

"आधी सांगितलं असतं तर तू इथे आलाच नसतास, मामा. तुला तो माणूस बघू दे, मग बाकीचं, असं ठरवलं होतं. तू आल्या आल्या कुळाला हात घालशील हे मला काय माहीत?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. गावभर वाजंत्री वाजवून बसलो होतो. आता अक्काला काय सांगायचं? तोंडघशी पडण्याचं दुःख एवढं नव्हतं. पण अक्काने आता नाही म्हटलं तर रेवती जन्मभर एकटी राहील, आणि ते माझ्या एका फोनमुळे. रस्सा उरला. माझ्या हातचा रस्सा सहसा उरत नाही.

भिंत, दुसऱ्यांदा

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉनर स्वतःच आला. "मामा, ती भिंत मला तुम्हाला नीट दाखवायची आहे," म्हणाला. शनिवार होता. रेवती आणि मी त्याच्या मागोमाग गेलो. जिथे मला इंग्रजी पुरलं नाही, तिथे रेवतीने मराठी केलं.

त्या गेलिक लोकांत थोरला मुलगा राजा होईलच असं नसे. एका पणज्याच्या पोटी आलेले सगळे पुरुष गादीचे हक्कदार. सख्खे, चुलत, चुलत-चुलत. त्यातून लायक असेल तो निवडायचा. ऐकायला किती चांगलं! मी विचारलं, "मग निवडला न गेलेले बाकीचे काय करायचे?"

"राजाला मारायचे," कॉनर म्हणाला. "नाहीतर राजा त्यांना. किंवा डोळे काढायचे. अंगात व्यंग असलेला माणूस राजा होऊ शकत नसे."

मी कपाळाला हात लावला. नावं सतरा आणि सातबारा एक, दुसरं काय होणार? माझ्या सर्कलमधल्या गावांत विळे निघाले, कुऱ्हाडी निघाल्या, पण हे लोक आमच्या दहा पावलं पुढे होते. त्यांच्याकडे हेळवीही होते. राजांच्या वंशावळी सांभाळणं हाच काही घराण्यांचा पिढीजात धंदा. गादीवर जो बसेल त्याला सोयीचा पूर्वज ते शोधून देत, हे ऐकून तर मला आपले काही जुने कारकून आठवले.

लाल दोरे म्हणजे लग्नं. एक राणी एका राजाची बायको, पुढे त्याच्या वैऱ्याची, त्याच्याही पुढे तिसऱ्याची. त्यामुळे रणांगणात समोरासमोर उभे राहणारे कितीतरी जण एकाच आईचे. मी थोडा वेळ बोटाने लाल दोरे जुळवून बघितले आणि सोडून दिलं.

"आणि हे निळे?"

कॉनर निळ्या दोऱ्यापाशी थांबला. "राजाचा मुलगा आई-बापाकडे वाढत नसे," तो म्हणाला. "साधारण सात वर्षांचा झाला की त्याला दुसऱ्या घरात वाढवायला देत. पुष्कळदा मामाकडच्या माणसांत. घोडा, पोहणं, पटावरचे खेळ, सगळं तिथे शिकायचं. मोठा होऊन तो परत येई. पण नातं ते टिकायचं. या लाल रेषांमधले भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले, मामा. या निळ्या रेषांमधले एकमेकांसाठी मेले. माझा सगळा अभ्यास या निळ्या दोऱ्यांचा आहे."

आपल्याकडे दूधभाऊ म्हणतात, तसं काहीतरी. मी पुन्हा भिंतीकडे बघितलं. लाल दोरे जास्त होते, पण निळे जास्त ताणून, नीट बसवलेले होते. या पोराने आपलं घर शोधायला हजार वर्षं मागे जावं, याचं मला वाईट वाटलं, आणि कौतुकही वाटलं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतो आपण. आणि लग्न निघालं की पहिला प्रश्न कुळाचाच.

मग त्याने लॅपटॉपवर नोराबाईंना बोलावलं. आयर्लंडमध्ये सकाळ होती. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई, मागे स्वयंपाकघर. मी दोन्ही हात जोडले, त्यांनीही जोडले. प्रकृती विचारली. गुडघे दुखतात म्हणाल्या. माझ्याही बायकोचे दुखतात म्हटल्यावर आमची पाच मिनिटं छान गेली. विमानप्रवास आता झेपायचा नाही, लग्नाला येता येणार नाही, हे सांगताना मात्र त्यांनी चष्मा पुसला.

चौकशीला आलो होतो, म्हणून विचारलं, "लहानपणी कसा होता?"

"आला त्या दिवशी हा दारातच उभा राहिला," त्या म्हणाल्या. "विचारलं, इथे मी किती दिवस राहायचं? याआधी दोन घरं झाली होती ना त्याची. माझ्या हातात जॅमची बरणी होती. मी म्हटलं, ही बरणी संपेपर्यंत. तेव्हापासून याने तळातला एक चमचा कधी खाल्ला नाही. वेडा. त्याला काय ठाऊक, मी रात्री त्यात नवा जॅम भरत होते."

कॉनर खिडकीबाहेर बघत होता. रेवतीने त्याचा हात धरला. माझ्या मनातली ती जॅमवाली नोंद मी तिथल्या तिथे खोडली आणि जरा वेळ कुणाकडेच बघितलं नाही.

इमारतीखाली

आम्ही खाली उतरलो तर इमारतीखाली लग्न! इथे तळमजला मोकळा ठेवतात, नुसते खांब. त्यातच मलय लोकांनी पडदे, फुलं, टेबलं लावून मांडव केला होता. बिर्याणीचा वास सुटलेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहुणा. एका काकांनी आम्हालाही हाताला धरून बसवलं. पंचतारांकित शहरात लग्न असं गल्लीतल्यासारखं होतं, आणि कुणी तुम्ही कोण म्हणून विचारत नाही, हे मला फार आवडलं.

मग ढोल वाजले. नवरदेव आला. मागे त्याचे काका, मामा, भाऊ, मित्र, सगळी फौज डफ वाजवत. कॉनर हातात बिर्याणीचं ताट घेऊन उभ्याने बघत होता. चेहऱ्यावर हेवा नव्हता. लहान मुलं लांबून मिरवणूक बघतात तसं नुसतं बघणं होतं. मला वाटलं, याच्या मागे कोण चालणार?

मी खांबाच्या आडोशाला गेलो आणि अक्काला फोन लावला. सगळं सांगितलं. भिंत, विनोद, नोराबाई, बरणी. पलीकडे अक्काचा मिक्सर चालू होता.

"म्हंजे बापाचा पत्ता न्हाई," अक्का म्हणाली.

"न्हाई."

"आणि मी गावभर राजघराणं सांगून बसले!"

"ती चूक माझी. पण अक्का, तुझे सासरे दत्तकच आलेले की."

"ते भाऊबंदांतलंच पोर हुतं. उगंच काय जोडू नकोस." मग तिचा आवाज बारीक झाला. "पोरगं चांगलं आसंल रे. तू म्हणतोस म्हंजे आसंलच. पण मांडवात त्याच्या मागं कोण हुबं राहणार? सोयरीक करायची ती कुणाशी? भांडाण झालं, दुखलं-खुपलं, तर मी फोन कुणाला करायचा? उद्या माझ्या लेकीला सासर कुठलं म्हणून विचारलं तर काय सांगू, भिंत?"

तिचं खोटं नव्हतं. मी म्हणालो, "त्याचा मामा म्हणून मी हुबा राहतो."

"शाणा हाईस. तू रेवतीचा मामा. त्याचाबी मामा झालास तर दोघं मावसभावंडं ठरली की! लगीन लागंल का?"

इतकी वर्षं वारस नोंदी केल्या, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मांडवात ढोल थांबले होते. कॉनर मला शोधत होता. त्याच्या एका हातात माझ्यासाठी धरलेलं ताट होतं, वर दुसरं ताट झाकण म्हणून.

"मग मामा नको," मी म्हणालो. "मी त्याचा बाप म्हणून हुबा राहतो."

"काय?"

"भाची सून करून घेतोय. आपल्यात नवं हाय का?"

मिक्सर बंद झाला. मागून सुमनचा आवाज आला. ती अक्काकडेच बसली होती, आणि फोन स्पीकरवर होता, हे मला तेव्हा कळलं. आयुष्यात एवढा मोठा निर्णय बायकोला न विचारता मी पहिल्यांदाच घेतला होता.

"रस्सा खाल्ला म्हणालासा न्हवं त्येनं?" सुमनने विचारलं.

"तीन वाट्या."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "आमच्यात तसंबी एक पान कमीच वाढलं जातंय."

मग अक्काने घसा खाकरला. जन्मापासून मला अरे-तुरे करणारी माझी बहीण, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला असणार असं मला तिच्या आवाजावरून वाटलं.

"बरं मग, पाव्हणं," ती म्हणाली, "बैठकीला कवा येतासा? आणि एक सांगून ठेवते, मुलाकडचं म्हणून लई मानपान आमी करणार न्हाई."

"चालंल," मी म्हणालो.

कॉनर ताट घेऊन आला. मी रेवतीला फोनवर ठरलेलं सांगितलं आणि म्हटलं, त्याला सांग, मला मामा म्हणायचं नाही. आबा म्हणायचं. तिने त्याला का ते सांगितलं. त्याने दोन्ही ताटं खाली ठेवली, मगच तो वाकला. या वेळी काही सांडलं नाही.

आता लग्नाची तयारी चालू आहे. येताना मी चटणीची एक बरणी रेवतीच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसरी कॉनरच्या हातात दिली. काल त्याचा फोन आला होता. तो म्हणाला, "आबा, बरणीत एक चमचा राहिलाय." मी म्हटलं, खाऊन टाक. गच्चीवर सुमनने मिरच्या वाळत घातल्या आहेत.